पालथी देग

सबिलीच्या देगा राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासायच्या, त्यांना साबण लावायचा नाही, हा सलीम कल्हईवाल्यांचा नियम. ते जाऊन तेरा वर्षं झाली तरी तो घरात पाळला जात होता आणि त्यांच्या पत्नी बद्रुन्निसांच्या हयातीत तो मोडायची कुणाची छाती नव्हती. मोहरमच्या नवव्या तारखेला सकाळी त्या परसात पाट टाकून बसल्या होत्या. गुडघे बोलत होते, पण आजच्या दिवशी गुडघ्यांचं ऐकायचं नाही हे ठरलेलं होतं.

देगा दोन. तांब्याच्या, आतून पांढऱ्याशुभ्र कल्हईच्या. दहाव्या तारखेला भोरात ताबूत निघाले की घरापुढच्या मांडवात याच देगांतून येईल त्याला पाणी द्यायचं. तशी साधी पाणपोईच ती, पण सबील म्हटलं की तिला मान वेगळा. सगळी आळी, कुठल्याही घरातली, ओंजळ पुढं करायची. एकालाही कोरडं परत पाठवायचं नाही, हा सलीमभाईंचा दुसरा नियम. पाणी परसातल्या विहिरीचं. वीस-एकवीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात त्यांनी ती विहीर नगरपालिकेला देऊन टाकली होती. काठावर पंप बसला, वरच्या आळीच्या नळांना तिचं पाणी जाऊ लागलं आणि कठड्यावर सलीमभाईंच्या नावाची फरशी लागली. घरातली माणसं मात्र अजून तिला आपली विहीर म्हणत.

यंदा पंप आठ दिवस बंद होता. पाण्यातल्या धातूंची तपासणी पहिल्यांदाच झाली आणि वरच्या आळीच्या पाण्यात क्रोमियम निघालं. तेव्हापासून आळीत टँकर येत होता. आत्ताही फिरोजची बायको दोन घागरी घेऊन तिथं रांगेत उभी होती.

"अम्मी, घासून काय करनार?" तरन्नुम म्हणाली. ती मधली मुलगी, सणासाठी शिरवळहून आलेली. "भरायला पानीच न्हाई."

"भांडं घासून ठेवावं. पानी येतंय मागनं."

"टँकरचं भरू," ओसरीवरून एहसान म्हणाला. हा धाकटा, शाळेत मास्तर, आणि आठ दिवसांपासून आळीच्या कृती समितीचा अध्यक्ष. मांडीवर कागद घेऊन तो उद्याचं भाषण लिहीत होता. "आणि सबिलीच्या बाजूलाच टेबल मांडू. गर्दी आयतीच असती. हायवेच्या त्या कारखान्याविरुद्ध हजार सह्या उद्या एका दिवसात होतात. अब्बांच्या विहिरीत जहर सोडलंय त्यांनी."

थोरला फिरोज मांडवाचे बांबू मोजत होता. त्यानं मान वर केली नाही. एकदा मोजून झालेले बांबू तो पुन्हा मोजायला लागला.

पासलीच्या सगुणाबाई दोन एसट्या बदलून आल्या तेव्हा दहा वाजले होते. डोक्यावर तांदळाचं गाठोडं. उद्याच्या खिचड्याला तांदूळ त्यांच्या घरचा, हे सलीमभाई सायकलवर भाता बांधून कल्हईला फिरायचे तेव्हापासूनचं. बद्रुन्निसांनी त्यांना पाटावर बसवलं आणि दोघी म्हाताऱ्या देगेच्या दोन बाजूंनी राख फिरवायला लागल्या. अशा दोन बायका एकत्र बसल्या की गेलेलं माणूस तिसरं येऊन बसतं.

"विंझरपतूर सायकल," सगुणाबाई सांगत होत्या. ऐकणाऱ्यांनी हे दरवर्षी ऐकलेलं होतं आणि दरवर्षी ऐकायचं होतं. "तितनं पुढं पायी. उंबराखाली खड्डा करायचा, भाता लावायचा. भांडं तापलं की नवसागर टाकायचा, असा भसकन् पांढरा धूर यायचा. आमची पोरं त्या धुरात नाचायची. मग कापसाचा बोळा फिरवला की पितळेचं पातेलं चांदीचं व्हायचं. माझ्या सासूला वाटायचं, ह्यो मानूस मंतर घालतो."

"घरी आले की अंगाला तोच वास," बद्रुन्निसा म्हणाल्या. "उशीला सुदीक. पैल्यांदा मला वकारी यायची. नंतर दोन दिस आले न्हाईत, तर झोप लागंना."

"आनि ते पालथं घालायचं. आठवतंय का?"

"न आठवून कसं."

कल्हई उडालेलं भांडं हातात आलं आणि त्या दिवशी काम व्हायचं नसलं, तर सलीमभाई ते घराच्या उंबऱ्याशी पालथं घालत आणि बुडावर बोटानं चुन्याची फुली काढत. ते परत येईस्तोवर त्या भांड्यात कुणी शिजवायचं नाही. अन्न कळकतं, पोटं बिघडतात. गावची बाई एरवी नवऱ्याचं ऐकायची नाही, पण सलीमभाईंची फुली कधी कुणी पुसली नाही. पुढं स्टीलची भांडी आली आणि कल्हई गेली. सलीमभाई पुण्याला जाऊन क्रोम प्लेटिंगचं, लोखंडाला चकचकीत मुलामा द्यायचं काम शिकून आले. परसात पत्र्याची शेड उभी राहिली. सायकलची हँडलं, मोटारसायकलचे सायलेन्सर, जीपचे बंपर, सगळं आरशासारखं होऊन बाहेर पडायचं. शेड तरन्नुमच्या लग्नात मोडली, तोवर सलीमभाईंच्या नाकाचा वास गेला होता. नवसागर नाकाशी धरला तरी कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, बंद करा. त्यांनी केलं.

"माझा नातू पप्पू त्याच कारखान्यात लागलाय बग," सगुणाबाई ओसरीकडं पाहत म्हणाल्या. "दोन वर्सं झाली. मास्तर, तुमी त्यो बंद पाडनार म्हनं."

एहसानची लेखणी थांबली. "आजी, माणसं महत्त्वाची का नोकरी?"

"ते व्हय. पन त्यांनीच केलं असलं तर."

*

गुलफशा आली ती थेट परसात. फिरोजची मुलगी, रसायनशास्त्र शिकलेली, पुण्याला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. गेल्या रविवारी येऊन तिनं सात ठिकाणचं पाणी बाटल्यांत भरून नेलं होतं, आणि काकानं भाषणात तिचं नावही घातलं होतं. आमच्याच घरची शास्त्रज्ञ मुलगी, असं.

"ये, ये," एहसान म्हणाला. "आकडे आण इकडं. उद्या वाचून दाखवतो."

"चाचा, आधी घरात वाचा."

तिनं कागद त्याच्या हातात दिला आणि दादीशेजारी खाली बसली. एहसान वाचत गेला तसा त्याचा आवाज उतरत गेला.

"हे उलटं आहे," तो म्हणाला. "कारखान्याजवळच्या विहिरीत काहीच नाही?"

"काही नाही. नदीत नाही. कारखाना आणि आपण, मधल्या तीन बोअरमध्ये नाही. खालच्या आळीच्या हापशात थोडं आहे. आणि आपल्या विहिरीत चालतं त्याच्या चाळीस पट." गुलफशानं ओढणीच्या टोकाला पीळ घातला. "परसाच्या कोपऱ्यातली माती नेली होती मी. मेंदी वाळली होती ना, तिथली. मातीतच आहे ते. पावसात विहिरीचं पाणी वर चढतं, त्या मातीला लागतं, आणि घेऊन परत उतरतं. दरवर्षी."

"दरवर्षी पावसात पिवळसर व्हायचं पानी," तरन्नुम सावकाश म्हणाली. "आपन म्हनायचो गढूळ आलंय."

"मी उकळून द्यायची की सगळ्यांना," बद्रुन्निसा म्हणाल्या.

"दादी, उकळून ते जात नाही. पाणी आटतं, ते राहतं."

बद्रुन्निसांनी हातातली शेंडी खाली ठेवली. तांब्यापितळेच्या माणसाशी त्यांनी संसार केला होता. फार समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हंजे कळकलंय," त्या म्हणाल्या. "आख्खी विहीर कळकलीय."

एहसान उठून येरझाऱ्या घालायला लागला. रागावला की तो वर्गात असल्यासारखा फिरायचा. "हा कागद कुणाला दाखवू नकोस. अजून एकदा तपास. चूक होते माणसाकडून."

"तीनदा तपासलंय, चाचा."

"मग चौथ्यांदा. तुला कळतंय का काय लिहिलंय यात? यात लिहिलंय की सलीम कल्हईवाल्यानं गावाला जहर पाजलं आणि वर पुण्यवान म्हणून फरशीवर नाव कोरून घेतलं. उत्तर द्यायला ते आहेत का?"

"एहसान खरं बोलतोय," तरन्नुम त्याच्या बाजूला सरकली. "मेलेल्या मानसाचं नाव असं उकिरड्यावर टाकायचं? नगरपालिका शोधू दे काय शोधायचं ते. आपन होऊन कशाला सांगायचं?"

"फुफी, पंप परवा पुन्हा चालू करणार आहेत. कारखान्याचं सांडपाणी अडवलंय, आता विहीर सुधारेल, असं धरून चाललेत सगळे. चाचांनीच तसं लिहून दिलंय. आपण गप्प बसलो तर परवा सगळी आळी हेच पिणार."

सगुणाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. टँकर हलल्याचा आवाज झाला.

फिरोजच्या हातात अजून बांबू होता. मुलगी बोलत होती तोवर तो तिच्या गळ्यातल्या पाण्याच्या बाटलीकडं बघत होता. शाळेत जाताना याच गळ्यात लाल पट्ट्याची बाटली असायची, आणि ती रोज सकाळी तो स्वतः भरायचा, नळ धार धरेपर्यंत थांबून. कुठल्याही बापासारखा. तेवीस वर्षांत त्या कोपऱ्यावरून तो दिवसातून दहा वेळा गेला असेल. आधी पाय अडखळायचे. मग सवय झाली. सवय झाली याचीच आता त्याला शिसारी आली.

"अब्बांनी एक थेंब भाईर सोडला न्हाई," तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. सकाळपासून हे त्याचं पहिलं वाक्य होतं.

"हँडल धुतलेलं पानी ते परत टाकीतच घालायचे. जुनं झालेलं क्रोमिक अॅसिड ड्रमात भरून ठेवायचे, पुन्याचा मानूस टेम्पो घिऊन यायचा न् उचलून न्यायचा. माझ्या हातनं एकदा बादली कलंडली, तर सगळी माती खरडून ड्रमात भरायला लावली त्यांनी मला. त्यांच्याकडनं न्हाई झालं ते."

"मग आकाशातनं पडलं?" एहसान म्हणाला.

"म्या वतलं."

*

तरन्नुमला आपल्या लग्नातला मांडव नेहमी जमिनीपासून आठवायचा. वर झुंबरं होती, पताका होत्या, ते फोटोत दिसायचं. पण तिच्या ध्यानात राहिला होता तो लालसर ताजा मुरूम, पाणी मारून, चोपून असा बसवलेला की अनवाणी चाललं तरी खडा टोचायचा नाही. त्या शेडची घाण, गंजके पत्रे, ते वासाचे ड्रम सगळं चार दिवसांत नाहीसं झालं आणि परसाचं अंगण झालं, नव्या नवरीसारखं उजळलं. भाईजाननं एकट्यानं केलं सगळं, असं अब्बा पाहुण्यांना सांगत होते. ती सासरी सुद्धा सांगायची. माझ्या भावानं माझ्यासाठी अंगण केलं.

आता भाऊ तिच्यासमोर उभा राहून तेच सांगत होता, आणि ते वेगळंच निघालं होतं.

"शुक्रवार होता. अब्बा नमाजला गेलते. टेम्पोवाला येतो म्हनला न् आलाच न्हाई. मांडववाले चारला येनार. चार ड्रम, शिगोशीग. हलवायचे कुठं? कल्हईच्या राखेचा जुना खड्डा व्हता कोपऱ्यात. आयुष्यभर त्यात राख, कोळसा, काय काय टाकलं आपन, कधी काय झालं न्हाई. म्हनलं, जिरंल. चारी वतले. वर मुरूम टाकला. अब्बा आले, इचारलं, टेम्पो येऊन गेला का? म्या व्हय म्हनलं."

"आणि अब्बांनी विहीर दिली तेव्हा?" एहसाननं विचारलं. त्याचा मास्तरकीचा आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"हार माझ्याच हातात व्हता. फरशीला घालायचा. दोन वर्सं झालती, पानी नितळ दिसत व्हतं. वाटलं, गेलं जमिनीच्या पोटात. आनि आता बोललो तर अब्बा सगळ्या गावापुढं तोंडघशी पडनार." फिरोजनं बांबू भिंतीला टेकवला. "नंतर दर वर्सी बोलायचं म्हनायचो. दर वर्सी आदल्या वर्सीपेक्षा अवघड झालं."

गुलफशा बापाकडं बघत नव्हती. तिला हे अर्धंमुर्धं ठाऊक होतं का, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. प्रयोगशाळेत त्या मातीचा आकडा पाहिल्यापासून ती चार दिवस घरी फोन करायचं टाळत होती, एवढं मात्र तिला स्वतःला माहीत होतं.

"माझ्या लग्नासाठी," तरन्नुम म्हणाली.

"तुजा काय संबंध त्यात?"

"माझ्याच लग्नासाठी ना पन." ती खाली बसली. मघाशी ती एहसानच्या बाजूला होती. आता कुणाच्याच बाजूला राहिली नव्हती. त्या कोपऱ्यात मेंदी तिनंच लावली होती, पहिल्या माहेरपणाला. ती दोनदा वाळली, दोनदा तिनं नवी लावली, आणि भाईजान दर वेळी म्हणायचा, हितं नको लावू, तिकडं लाव. तिला वाटायचं, चिडवतोय.

एहसाननं भाषणाचा कागद उचलला, घडी घातली, पुन्हा उघडली. "भाईजान, एक सांगतो. खालच्या आवाजात सांगतो. अब्बांच्या शेडमधनं झालं असंल, कसं झालं ते आम्हाला ठाऊक न्हाई, एवढंच सांगू. तू मधे येत न्हाईस. ते गेलेत. त्यांना आता कोन काय करनार?"

इतका वेळ तो मास्तरांच्या भाषेत बोलत होता. आता घरच्या भाषेत आला होता. मघाशी अब्बांच्या नावासाठी तो भांडत होता आणि आता तेच नाव भावासाठी पुढं करत होता. प्रेमानंच करत होता. म्हणून तर ऐकवत नव्हतं.

"त्यांना काय करनार?" बद्रुन्निसा म्हणाल्या. "मला इचार."

त्या देगेचा काठ धरून उभ्या राहिल्या. सगुणाबाईंनी हात दिला.

"लग्नाच्या आदल्या हप्त्यात ह्या फिरोजच्या पायाला फोड आलते. पिवळी बोटं, न् मधे खळगे पडलेले. प्लेटिंगच्या मानसाच्या बायकूला ते कशाचे फोड, हे सांगावं लागत न्हाई. ह्यो म्हनला, मुरूम लागला. म्या मलम लावलं न् गप बसले. लग्न डोक्यावर. तवा एक शब्द इचारला असता तर ह्येनं सांगितलं असतं. माझ्याशी ह्यो कधी खोटं बोलला न्हाई. म्हनूनच म्या इचारलं न्हाई."

फिरोज आईकडं बघत राहिला. बावन्न वर्षांचा माणूस, कानशिलं पांढरी झालेली, आणि चेहरा बादली कलंडलेल्या पोराचा.

"तुमचा बाप चाळीस वर्सं लोकांची भांडी पालथी घालत फिरला," त्या एहसानला म्हणाल्या. "पासलीत, विंझरात, भाटघरला. कुनाचं पोट बिघडू नये म्हनून. आनि तू त्यांच्या नावावर हे घालनार? फिरोज, पोरीला घिऊन जा नगरपालिकेत. आत्ता जा. खड्डा दाखव. काय वतलं, किती वतलं, सांग. आनि उद्या सबील लागंल."

"कशाची सबील, अम्मी?" तरन्नुमनं विचारलं. "पानी कुठलं?"

"पानी न्हाई. पन देग लागंल."

फिरोजनं पायात चपला घातल्या. दाराशी गुलफशा त्याची वाट पाहत थांबली होती. पायऱ्या उतरताना पावसाची भुरभुर लागली तशी तिनं बापाच्या हातातली छत्री आपल्याकडं घेतली आणि दोघांवर धरली. मागं एहसाननं भाषणाचे दोन तुकडे केले, आणि मग त्यांचं काय करावं हे न सुचून ते खिशात ठेवले.

"पप्पूला सांगते, कारखाना वाचला म्हनून," सगुणाबाई म्हणाल्या. मग हाताची राख झटकत, "न्हाई सांगत. त्याला कळंलच."

*

दहाव्या तारखेला मांडव नेहमीच्या जागी उभा राहिला. मधोमध चौरंगावर दोनांतली एकच देग, पालथी. घासलेल्या तांब्यावर पावसाळी उजेड पडला होता. बद्रुन्निसांनी चुन्याच्या डबीत बोट बुडवून बुडावर फुली काढली. एक रेघ वाकडी आली. ती त्यांनी तशीच ठेवली.

देगेशेजारी खुर्ची टाकून फिरोज बसला होता.

पहिले आले चिमाजी, समोरच्या घरातले. सबिलीचा पहिला पेला गेली कित्येक वर्षं त्यांचाच. वयानं त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी ओंजळ करूनच ते मांडवात शिरले. मग देग दिसली. ते जवळ गेले, ओंजळ न सोडता फुलीपाशी वाकले.

"सलीमभाईची खूण," ते म्हणाले. "कुनी काडली?"

"अम्मीनं. चिमाजीअण्णा, बसा. तुमाला सांगायचंय. कारखान्यानं न्हाई केलं ते. अब्बांनी बी न्हाई. म्या केलं."

त्यानं पहिल्यापासून सांगितलं. शुक्रवार, टेम्पो, चार ड्रम. चिमाजींची ओंजळ बोलणं संपेपर्यंत तशीच जुळलेली होती, ती त्यांनी मग सोडली.

"माझी नातवंडं त्याच नळाचं पीत मोठी झाली," ते म्हणाले.

"व्हय. माझी पोरगी पन."

चिमाजी उठले आणि घरी गेले. फिरोजनं त्यांना हाक मारली नाही. थोड्या वेळानं त्यांच्या घरातली माणसं आली, मग शेजारची, मग ताबुतामागून येणारी अनोळखी. काही जण ऐकून शिव्या देऊन गेले. एकीनं देगेपाशी पोराला पुढं करून विचारलं, याला काय होईल, आणि गुलफशा पुढं होऊन तिच्याशी बराच वेळ बोलत बसली. प्रत्येकाला फिरोज पहिल्यापासून सांगत होता. मधलं काही गाळत नव्हता. आत तरन्नुम सगुणाबाईंच्या तांदळाचा खिचडा ढवळत होती, आणि प्रत्येक वेळी लग्नाचा उल्लेख आला की तिचा हात थांबायचा आणि मग पुन्हा चालू व्हायचा.

संध्याकाळी ताबूत परतले, रस्ता मोकळा झाला. एहसान बांबू सोडायला लागला. फिरोजचा घसा बसला होता. त्यानं देगेला हात घातला.

"राहू दे," उंबऱ्यातून बद्रुन्निसा म्हणाल्या. "मांडव सोडा. देग हलवू नका."

"अम्मी, सबील एक दिवसाची असती."

"ते परत येईस्तोवर भांडं पालथंच ठेवायचे. पानी प्यायजोगं होईस्तोवर राहू दे."

फिरोज खालमानेनं उभा होता. "गुलफशा म्हनती, लई वर्सं लागतील."

"लागू दे," त्या म्हणाल्या. "तू हाईस ना सांगायला."

फिरोज देगेपासून मागं सरला. एहसाननं मांडवातल्या बाकीच्या खुर्च्या घडी करून आत नेल्या. ती एक खुर्ची देगेशेजारी तशीच ठेवली.